'स्ट्रेस किट'च्या नावाखाली १४,२०० रुपये

तपासणीचे ३०० आणि ताण घालवणाऱ्या गोळ्या म्हणून विकलेले प्रत्येकी ६,९५० चे दोन किट. एकूण १४,२०० रुपये गेले. डब्यात निघालं मुख्यतः बी-कॉम्प्लेक्स, म्हणजे ब गटातली जीवनसत्त्वं, ज्याची साधी पट्टी कुठल्याही फार्मसीत शंभराच्या आत मिळते. गोव्यातल्या बार्देशात गावच्या सभागृहात शिबिर, पांढरे कोट, बीपीसुद्धा नीट पट्टा बांधून मोजलेला. बँकेतले लोक, निवृत्त शिक्षक रांगेत उभे. अशा ठिकाणी संशय कोण घेणार?

संशय घ्यायची जागा एकच होती: ती मशीन. तळहातात धातूची दांडी धरायची आणि मिनिटभरात पानांमागून पानं छापून येतात. बी-६ कमी, बी-१२ कमी, अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडावरची, ताणाची संप्रेरकं सोडणारी) थकलेली. दांडी हातात देण्याआधी तिथली मुलगी वय, उंची, वजन, बाई की पुरुष हे सगळं टाईप करून घेते. अहवाल त्यावरच बेतलेला असतो. रक्ताचा थेंब न काढता बी-१२ कसं कळणार? सुई निघाली नाही, तिथंच उठून चालू पडायचं. हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

फसवतात ते अर्ध्या खऱ्यावर. सिरोटोनिनसारखी मेंदूतली रसायनं तयार व्हायला बी-६ लागतं, अ‍ॅड्रिनल ग्रंथीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, हे खरंच आहे. बी-१२ कमी पडलं की थकवा, चिडचिड, हातापायांना मुंग्या येतात. शुद्ध शाकाहारी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांनी ते जरूर तपासावं. कमतरता भरून निघाली की माणूस सावरतो. पण कमतरताच नसेल तर वरून ओतलेल्या गोळ्यांनी कर्जाचा, नोकरीचा ताण हटत नाही. बी-१२ तर तिसऱ्या (शिंपले) आणि बांगडा असल्या मासळीतही भरपूर असतं.

गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते. 'विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत' म्हणतात. ते जादा झालेलं बी-२ असतं, तुमचेच पैसे वाहून जातात. तोंड लाल होऊन झिणझिण्या आल्या की 'रक्ताभिसरण मोकळं झालं'. तो बी-३ म्हणजे निकोटिनिक अ‍ॅसिडचा परिणाम.

लेबल वाचा, बेरीज करा. एका डब्यात बी-६ ५० मिलीग्रॅम, दिवसाला दोन गोळ्या. नसांच्या कॅप्सूलमध्ये आणखी २५. झाले १२५. गरज असते दोनच्या आसपास. अमेरिकेतली कमाल मर्यादा १००, युरोपातली १२. महिनोन् महिने एवढं घेतलं की नसा बिघडतात, पायांना मुंग्या येतात, आणि मग विक्रेता सांगतो, 'कमतरता वाढली, डोस वाढवा.'

तक्रार करायला गेलं की चेंडूसारखं टोलवतात. एक कार्यालय म्हणतं, परवाना अन्नाचा, औषध नव्हे, आमच्याकडे येत नाही. दुसरं म्हणतं, कंपनी परराज्यातली, तिकडे लिहा. पोलीस म्हणतात, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? अरे, डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' छापायचं आणि सभागृहात माइकवरून बीपी, झोप, चिंता बरी करतो म्हणून ओरडायचं! १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत रक्तदाब स्पष्ट लिहिलेला आहे. तो कायदा कोणी वाचायचा, आम्ही?

डबा, पत्रक, यूपीआयची नोंद टाकू नका. माइकवरचं बोलणं रेकॉर्ड करा, खरा गुन्हा तिथं घडतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाला पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

असले किट सध्या घेत असाल तर आणखी एक. त्यात बायोटिन असतं. त्यानं थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो, हृदयविकाराची ट्रोपोनिन चाचणीसुद्धा. रक्त देण्याआधी डॉक्टरांना डबा दाखवा. आणि पायांना मुंग्या येत असतील तर किट आजच बंद करा.