गडद अंडं दाखवून मला 'शुद्ध कडकनाथ' विकला

लिहू की नको, यात चार महिने गेले. गावात आधीच तोंड दाखवायला जड जातंय, त्यात आपणच आपलं चव्हाट्यावर मांडायचं. पण ज्या हॅचरीवाल्यानं मला शुद्ध कडकनाथ (काळ्या मांसाची कोंबडी) म्हणून संकरित पक्षी विकले, परवा शेजारच्या गावातला एक पोरगा त्याच माणसाकडून तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणायला निघाल्याचं कळलं आणि राहवलं नाही.

हे धंदे कसे चालतात ते मी सांगायला नको. पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ, स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात किती शेतकरी रडले, ते मी रोज पेपरात वाचत होतो. दहा वर्षं दुधाचा धंदा केलाय, बी.कॉम. झालोय, माणूस ओळखता येतो असा माझा समज होता. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मी पैसे द्यायच्या आधी दोनदा त्याच्या हॅचरीवर जाऊन आलो. आणि तिथंच फसलो, कारण त्यानं मला पक्षी कमी आणि अंडीच जास्त दाखवली.

दोन ट्रे समोर ठेवले. एकात फिकट, मलईच्या रंगाची छोटी अंडी. दुसऱ्यात गडद तपकिरी, चांगली भरलेली. म्हणाला, "दादा, फिकट अंडं म्हणजे गावठी मिसळ. अस्सल कडकनाथचं अंडं असं गडद असतं. आमची लाइन पाच पिढ्या अंड्याच्या रंगावर निवडलेली आहे." धोनीनं रांचीच्या फार्मसाठी मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ पिल्लं मागवल्याची बातमी मोबाइलवर दाखवली. जीआय (भौगोलिक) मानांकनाच्या कागदाची झेरॉक्स दिली. मला सगळं पटलं.

खरं याच्या बरोब्बर उलट आहे. शुद्ध कडकनाथचं अंडं लहान असतं, साधारण ४० ते ४५ ग्रॅम, आणि रंगानं फिकट, मलईकडे झुकणारं. कोंबडी वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी देते. ते काळ्या अंड्यांचे फोटो फिरतात, ते तर निव्वळ खोटे. कुठलीच कोंबडी काळं अंडं देत नाही. कडकनाथची ओळख तिच्या अंगात आहे: कातडी, मांस, हाडं, जीभ, तोंडाच्या आतली बाजू. जीआय मानांकनही २०१८ मध्ये मिळालं ते झाबुआच्या काळ्या मांसाला. त्या कागदावरून सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या शेडमधली कोंबडी शुद्ध ठरत नाही. झेरॉक्स कुणीही काढतं.

आता आकडे. ६० तलंगा, प्रत्येकी ८५० रुपये, म्हणजे ५१,०००. सहा नर, प्रत्येकी १,२००, म्हणजे ७,२००. 'प्रशिक्षण व शुद्धता दाखला' ८,५००. गाडीभाडं ३,३००. त्याच्या हातात गेले ७०,०००. अंडी उबवायचं यंत्र ३८,००० आणि शेड, जाळी, पत्रा मिळून ६१,४००. एकूण १,६९,४००. यातले ६०,००० बायकोची बोरमाळ गहाण ठेवून आणलेत. खाद्य आणि औषधं यात धरलेली नाहीत.

पक्षी आले तेव्हा चार महिन्यांचे होते. तलंगा काळ्याभोर. नर मात्र मला जरा वेगळे वाटले होते. तुरा लालसर, पाय राखाडी, मानेवर तांबडी पिसं. फोन केला तर म्हणाला, "तो गोल्डन कडकनाथ आहे दादा, वय झालं की तुरा काळा पडतो." आता, कडकनाथमध्ये गोल्डन आणि पेन्सिल्ड असे प्रकार असतात हे खरंच आहे. म्हणून मी गप्प बसलो. नराचं तोंड उघडून जीभ बघायला दोन मिनिटं लागली असती. ती मी बघितली नाही. बघितली असती तर गुलाबी दिसली असती, कारण पुढे मे महिन्यात बघितली तेव्हा ती गुलाबीच होती.

पण त्याहूनही जास्त टोचतो तो जानेवारीतला दिवस. तलंगा अंड्यावर आल्या, त्याही लवकर, साडेपाच महिन्यांच्या आत. मी पहिली सहा अंडी घरात आणली, सोनं तोलायच्या वजनकाट्यासारखा एक छोटा काटा आहे त्यावर एकेक ठेवलं. ५३ ते ५७ ग्रॅम. गडद तपकिरी, अगदी त्या ट्रेमधल्यासारखी. बायकोला हाक मारून दाखवली. महिन्याभरात ६० कोंबड्यांमागे रोज ४० च्या वर अंडी यायला लागली आणि मी पेढे वाटले. पेढे! शुद्ध कडकनाथ असती तर रोज १५-२० अंडी मिळाली तरी पुष्कळ. जे बघून माझ्या छातीत धस्स व्हायला हवं होतं, तेच बघून मी खूश झालो. अंडी जास्त आहेत, मोठी आहेत, रंग पक्का आहे, म्हणून पक्षी चांगला. आपल्याकडे लहान मूलही असंच समजतं, मग मी समजलो यात माझा किती गुन्हा, ते तुम्हीच ठरवा.

मार्चमध्ये आईनं दहा अंडी तिच्या गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवली. यंत्रावर तिचा विश्वास नाही. एकविसाव्या दिवशी तिनं डालगं उचललं आणि मला हाक मारली. आठ पिल्लं निघाली होती. तीन काळी, तीन राखाडी, आणि दोघांचे पाय चक्क पिवळे. आई म्हणाली, "अरे, ही तर बाजारातली तांबडी कोंबडी आहे."

पुढचं एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांनी समजावलं. कडकनाथ नर आणि तांबड्या संकरित अंड्याच्या कोंबड्या एकत्र सोडल्या की बापाचा काळेपणा लेकींवर जवळजवळ पूर्ण उतरतो, मुलगे मात्र फिकट निघतात. म्हणून माझ्या तलंगा काळ्या आणि नर लालसर. गडद तपकिरी रंग, वजन आणि संख्या, हे तिन्ही आलं त्यांच्या तांबड्या आईकडून. पुढच्या पिढीत सगळं फुटतं. त्यांनी एक अंडं हातात घेऊन काचपेपरनं घासलं. रंग निघाला, खाली पांढरं कवच. तपकिरी रंग कवचावर अगदी शेवटच्या काही तासांत चढतो म्हणे. अरौकाना नावाची दक्षिण अमेरिकेतली जात आहे, तिथं निळं अंडं ही जातीची खूण मानतात आणि तो रंग कवचात आरपार असतो. आपल्याकडे मात्र अंड्याच्या रंगावरून शुद्धता सांगणारा माणूस एक तर अडाणी किंवा लबाड.

आणि संकर वाईट असतो असं मी म्हणत नाही. इज्जतनगरच्या सरकारी संस्थेनं कडकनाथपासून संकर करून कारी-श्यामा काढली आहे, पण ती संकरित म्हणूनच मिळते. मला दिलेली कोंबडीही त्यानं २००-२५० रुपयांना, खरं सांगून विकली असती, तर मी हसत घेतली असती.

तोवर मी तिघांना २८० पिल्लं ८० रुपयांनी विकून बसलो होतो. परांड्याकडच्या एकाचा फोन आला, "पाहुणे, तुमच्या पिल्लांचे पाय पिवळे पडायलेत." मी तिघांचेही २२,४०० परत केले. मला फसवलं म्हणून मी दुसऱ्याला फसवणार नाही. हॅचरीवाल्यानं माझी आधी ३०० आणि मग ४०० अंडी ४० रुपयांनी घेऊन २८,००० दिले होते. तिसऱ्या वेळी ७०० अंडी नेली त्याचे २८,००० आजतागायत दिले नाहीत. फोन उचलत नाही. उचलला तर म्हणतो, "तुम्हीच तुमच्या गावठी कोंबड्या मिसळल्या असतील."

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी, "कोंबड्या मिळाल्या ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्या वेळी अर्ज घेतला, पोच दिली नाही, मागितली तर म्हणाले, "विश्वास नाही का?" पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, की हे पक्षी संकरित आहेत एवढं लिहून द्या. "आम्ही रोगावर उपचार करतो, जातीचा दाखला देत नाही." तालुक्याला गेलो, त्यांनी जिल्ह्याला पाठवलं. जिल्ह्यानं विचारलं, तालुक्याचं पत्र कुठंय? सात खेपा, दर खेपेला एक दिवसाचं दूध बुडवून. मानमोडी रोगानं कोंबड्या मेल्या असत्या तर पंचनामा तरी झाला असता. खोटं बोलून विकलेल्या जिवंत कोंबडीचं कुणालाच काही पडलेलं नाही.

ग्राहक आयोगाबद्दल एका वकिलानं "धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यानं कायदा उघडून दाखवला: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसते, व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ती केली आहे. पोलिसांकडे जाताना कलम पाठ करून जा, ४२० आता न्याय संहितेत ३१८ मध्ये आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. रोख देऊ नका. माझे ८,५०० रोख गेले, त्याचा पुरावा नाही. पक्षी घेताना नराची जीभ बघा, तुरा बघा. अंडी दाखवायला लागला तर म्हणा, यांच्या पोटची पिल्लं दाखव, सगळ्या वयाची.

हॅचरीवाल्याचा नवा व्हिडिओ गेल्या आठवड्यात आला. त्यात 'आमचे समाधानी शेतकरी' म्हणून जी निळ्या पत्र्याची, दारात कडुलिंब असलेली शेड दिसते, ती माझी आहे. मी पेढे वाटत होतो तेव्हा त्यानं ती शूट केली होती. काढून टाक म्हणून चार वेळा कळवलं, अजून काढलेली नाही.