सेकंडहँड फ्लॅश चालूच होत नाय: घरी साफ करू, मुंबईला धाडू की नवा घेऊ?

शिमग्याच्या आधी कणकवलीत एकाकडून कॅमेऱ्यावर लावायचा जुना फ्लॅश घेतला २२०० ला. त्याने त्याचे सेल टाकून दोनदा पेटवून दाखवला आणि मालवणात घरी येऊन मी माझे टाकले तर ठार मेलेला, लाइट नाय, स्क्रीन नाय, चार्ज होताना बारीक शिट्टी येते ना ती पण नाय. शेजारचे काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांनी हातात घेऊन पहिलं हेच विचारलं, "सेल कसले घातलंस रे?" मी भिंतीवरच्या घड्याळाचे घातलेले. त्या साध्या सेलना फ्लॅशला लागतो तेवढा करंट देताच येत नाय. चार नवे अल्कलाइन घाला नायतर चांगले रिचार्जेबल, हे केल्याशिवाय पुढचं काय वाचू पण नका.

माझा नव्या सेलवर पण उठला नाय. मग घरी साफ करायचा मार्ग, ज्याला खर्च नाय आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त हाच लागतो, कारण खारी हवा, पावसाळाभर ओल आणि सेल आत विसरलेले. टॉर्च मारून सेलच्या खोबणीत बघा, स्प्रिंगच्या बुडाशी पांढरं नायतर हिरवट-निळं पीठ दिसलं तर सेल फुटून गळलाय. कानकाडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून चोळा (कोकमाचं आगळ नको, त्यात मीठ असतं), जरा फसफसेल, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. आणि झाकण विसरू नका! बऱ्याच फ्लॅशमध्ये दोन सेल जोडणारी पट्टी झाकणाच्या आत असते, ती गंजली किंवा झाकण नीट दाबून बसलं नाय की सर्किटच तुटतं. माझं दुखणं तिथेच होतं, आणि कणकवलीत तो झाकण अंगठ्याने दाबून धरून होता हे मला नंतर आठवलं.

शिट्टी येतेय पण रेडी लाइट लागत नाय, तर प्रकरण वेगळं, एकतर सेल कमजोर नायतर वर्षानुवर्षं पडून आतला कपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवतो तो भाग) सुस्तावलाय. चालू करून अर्धा तास तसाच ठेवा, मग दोनचार वेळा पेटवा, बऱ्याचदा सुधारतो. पण स्क्रू काढून आत हात घालू नका, त्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठतात आणि सेल काढले तरी लगेच जात नायत.

दुसरा मार्ग मुंबई, फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यावाले आहेत. मला फोनवर १८०० चा अंदाज मिळाला, कुरिअर वेगळं, गॅरंटी नाय. २२०० च्या वस्तूला हे कोण करणार? निकॉनचा एसबी-७०० किंवा कॅननचा ५८०ईएक्स टू असेल तर मात्र धाडा, टीटीएल (पॉवर कॅमेराच ठरवतो ती सोय) चालणारा वरचा फ्लॅश त्या पैशात नवा येणार नाय. तरी आतल्या सर्किट बोर्डापर्यंत गंज गेला असेल तर मी नाय म्हणेन, त्यावरची तांब्याची एक रेघ, ट्रॅक, जोडला तरी इथल्या हवेत दुसरा जातो. गावातला मोबाइलवाला सोल्डरिंग मस्त करतो, स्प्रिंगची तुटलेली वायर जोडण्यापुरता तो पुरे.

तिसरा म्हणजे नवा मॅन्युअल, गोडॉक्सचा टीटी६०० वगैरे. तेच चार डबल ए सेल, कॅमेऱ्यापासून लांब ठेवून पेटवायचं वायरलेस आतच, वॉरंटी मिळते. पण टीटीएल नाय, पॉवर आपण ठेवायची. दशावतारात रंगमंच एका जागी, अंतर ठरलेलं, तिथे मजेत चालतो. पालखी नाचवताना माणसं क्षणात दोन हातावर येतात क्षणात दहा, तिथे अर्धे फोटो पांढरे होतात. लिथियम बॅटरीवाला फ्लॅश घ्यायचा तर नवाच घ्या, सेकंडहँडमध्ये ती बॅटरी वर्षभर रिकामी पडलेली असली तर चार्जच घेत नाय.

आणि एक, ३.७ व्होल्टचे १४५०० नावाचे लिथियम सेल अगदी डबल एच्या मापाचे असतात, स्वस्तात मिळाले म्हणून चार घातले तर सहाच्या जागी पंधराएक व्होल्ट जातील. मग तिन्हीतला तिसराच मार्ग उरतो.

माझा तिसऱ्यांदा साफ केल्यावर उठला. आता सेल बाहेर काढून सिलिका जेलच्या डब्यात असतो, आणि वापरताना झाकणाला रबरबँड, कारण खिट्टी अजून ढिलीच आहे.