घरच्या म्युझिक सर्व्हरसाठी रिमोट ॲप: काय ठेवलं, काय काढलं

आधी निकाल सांगते, मग कारणं. आमच्याकडे गाण्यांसाठी लिरियन म्युझिक सर्व्हर आहे, म्हणजे डिस्कवरची गाणी घरातल्या प्लेअरांना (वाजवणाऱ्या यंत्रांना) पुरवणारी प्रणाली. हॉलमधल्या टॅबवर त्याचं 'मटेरियल स्किन' हे ब्राउझरमधलं रिमोट कायम उघडं असतं आणि माझ्या अँड्रॉइड फोनवर 'स्क्वीझर' हे रिमोट ॲप आहे. बाकीची ॲप्स वाईट म्हणून काढली असं मुळीच नाही, त्यातली दोन-तीन तर फार जीव लावून बनवलेली आहेत. पण कुठलंही रिमोट ॲप मी एका अटीवर तपासते. गाणी लावली, फोन बंद केला किंवा पर्समध्ये टाकून बाहेर पडले, तरी घरातलं गाणं चालू राहायला हवं आणि ते संपल्यावर पुढचंही आपोआप लागायला हवं.

अट साधी वाटते, पण भलीभली ॲप्स इथेच गळतात. कारण प्रश्न ॲपच्या देखणेपणाचा नसून गाण्यांची रांग कुठे राहते याचा आहे. ॲपलच्या एअरप्लेने फोनवरून गाणं पाठवलं की आवाज फोनमधूनच वाहत जातो, म्हणजे फोन घराबाहेर गेला की गाणंही गेलं. गूगलचं क्रोमकास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट यांच्यात फोन फक्त 'हे वाजव' एवढं सांगतो आणि पुढचं ते यंत्र स्वतः इंटरनेटवरून ओढून घेतं. माझ्या दृष्टीने हे बरंच बरं, पण स्पॉटिफाय कनेक्ट स्पॉटिफायपुरतंच. माझा निम्म्याहून जास्त संग्रह सीडींवरून काढलेल्या फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइल्सचा आहे आणि तो माझ्याच डिस्कवर आहे.

डिस्कवरच्या संग्रहासाठी बहुतेक जण आधी यूपीएनपीची, म्हणजे घरातल्या यंत्रांनी एकमेकांना ओळखून गाणी देण्याघेण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीची, वाट धरतात, मीही धरली. अँड्रॉइडवर 'बबलयूपीएनपी' हे त्यातलं सगळ्यात ताकदीचं ॲप. सर्व्हर, प्लेअर आणि रिमोट अशा तिन्ही भूमिका ते करतं आणि क्रोमकास्टलाही गाणी पाठवतं. अडचण ॲपपेक्षा यूपीएनपीच्या मूळ रचनेत आहे. त्यात रांग रिमोटकडे म्हणजे फोनकडे असते. एक गाणं संपलं की पुढचं कुठलं हे फोनने प्लेअरला सांगायचं. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने ॲपला झोपवलं, की चालू गाणं पूर्ण होतं आणि मग शांतता. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट देता येते, पण ते प्रत्येक फोनवर आठवणीने करावं लागतं. शिवाय दोन गाण्यांमधली फट! सलग वाजायला हवं असं काही लावलं की ती फार टोचते. यूपीएनपीत पुढच्या गाण्याची आगाऊ सूचना प्लेअरला देण्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. प्लेअर बनवणाऱ्याने ती घातली नसेल, तर फोनवरचं ॲप कितीही उत्तम असो, फट राहणारच. एकाच मैफलीचे तुकडे केलेले रेकॉर्डिंग ज्यांच्याकडे आहे त्यांनी ॲपची चित्रं बघत बसण्याआधी हे तपासावं. टाळ्यांच्या मध्येच आवाज तुटून पुन्हा उगवला, की ऐकण्याची लय पार मोडते.

ओपनहोम नावाची सुधारणा या दुखण्यावर आहे. त्यात रांग प्लेअरच्या बाजूला राहते आणि घरातल्या सगळ्या फोनांना तीच एक रांग दिसते. बबलयूपीएनपीचा स्वतंत्र सर्व्हर घरातल्या एखाद्या संगणकावर चालवला, तर साध्या प्लेअरलाही तो ओपनहोमचं रूप देतो. ज्यांचं सगळं आधीच यूपीएनपीवर बसलं आहे, त्यांनी सामान न बदलता हाच मार्ग घ्यावा.

मी मात्र लिरियनकडे वळले. जुन्या लोकांना हा लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणून माहीत असेल. स्क्वीझबॉक्स नावाच्या प्लेअरांसाठी तो बनला होता. लॉजिटेक कंपनीने २०१२ मध्ये ते प्लेअर थांबवले, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली, पण सर्व्हरचा कोड खुला असल्यामुळे लोकांनी तो चालू ठेवला आणि नाव बदलून पुढे नेला. माझ्यासाठी हा मोठा मुद्दा आहे. सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीने मे २०२४ मध्ये आपलं ॲप नव्याने लिहून आणलं, तेव्हा त्यात अलार्म नव्हता, स्लीप टायमर नव्हता, रांगेत फेरफार करायची सोयही नव्हती. लोकांचे स्पीकर तेच होते, पण ते चालवायचं साधन एका अपडेटमध्ये पांगळं झालं, आणि जुलैमध्ये कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. रिमोट ॲप निवडताना आपण त्या ॲपच्या मागचे लोकही निवडत असतो. त्यामुळे एकाच सर्व्हरला चालणारी वेगवेगळ्या लोकांनी केलेली तीन-चार ॲप्स असणं याला मी फार किंमत देते. एक बिघडलं तर दुसरं आहे.

आता मटेरियल स्किनबद्दल. हे सर्व्हरमध्येच टाकायचं प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) आहे, त्यामुळे फोनवर काहीच चढवावं लागत नाही. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता, पुढे ':9000' हा पोर्ट क्रमांक आणि त्यापुढे '/material' एवढं लिहिलं की झालं. पाहुण्यांनाही तेवढाच पत्ता द्यायचा. होम स्क्रीनवर आयकॉन ठेवला तर ॲपसारखंच उघडतं. मोठ्या पडद्यावर एका बाजूला संग्रह, दुसऱ्या बाजूला रांग, खाली चालू गाणं. रांगेतलं गाणं बोटाने ओढून वरखाली करता येतं. अल्बमवर 'आत्ता वाजव', 'यानंतर लाव' आणि 'शेवटी जोड' हे तीन पर्याय वेगळे आहेत, आणि चार माणसांच्या घरात सगळी शांतता या तिघांच्या नीट वापरावर अवलंबून असते. 'आत्ता वाजव' दाबलं की आधीची रांग पुसली जाते. हे मी घरात सगळ्यांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवलं.

आवाजाची पट्टी हा माझ्या तपासणीतला दुसरा मोठा विषय. काढून टाकलेल्या एका ॲपमध्ये पट्टीवर जिथे बोट पडेल तिथे आवाज थेट उडी मारायचा. रात्री दहाला आवाज जरा कमी करायला गेले, बोट सरकलं आणि ॲम्प्लिफायर एकदम गरजला. झोपलेलं घर उठलं. त्या दिवसापासून अधिक-उण्याची बटणं नसलेलं ॲप मी ठेवत नाही. मटेरियलमध्ये ती आहेत आणि एका टिचकीला आवाज किती हलावा हेही ठरवता येतं. एक मात्र लक्षात ठेवा. सर्व्हरमध्ये त्या प्लेअरचा आवाज शंभर टक्क्यांवर कायम ठेवला असेल, तर कुठल्याही ॲपची पट्टी काम करणार नाही. मग आवाज ॲम्प्लिफायरच्या खुंटीवरच. दोष ॲपचा समजून लोक ॲप बदलत राहतात.

सासऱ्यांचं मागणं वेगळं होतं. "मला यादी-बिदी नको गं, काल जिथे थांबलं तिथून पुढे लागू दे," एवढंच. सर्व्हरच्या प्लेअर सेटिंगमध्ये 'चालू केल्यावर पुढे वाजव' हा पर्याय आहे, तो लावून दिला. सकाळी ते टॅबवरचं पॉवरचं बटण दाबतात आणि कालचं गाणं मधूनच पुढे सुरू होतं. त्यांना शिकवावं असं यापलीकडे काही उरलंच नाही, आणि माझ्या मते हीच या ॲपची सर्वांत मोठी परीक्षा होती.

उणीव सांगायलाच हवी. ब्राउझरच्या खिडकीला फोनच्या बाजूची आवाजाची बटणं मिळत नाहीत. फोनचा पडदा विझून पुन्हा लावला की सर्व्हरशी जोडणी जुळायला क्षणभर जातो. भिंतीवरच्या टॅबला याचा काहीच त्रास नाही, हातातल्या फोनला आहे. म्हणून फोनवर स्क्वीझर. दिसायला साधं, पण वरच्या नोटिफिकेशनमध्ये थांबव-चालव-पुढचं ही बटणं येतात, बाजूच्या बटणांनी आवाज हलतो, आणि फोन आला की घरातलं गाणं थांबवायचं की नाही हे आपण ठरवायचं. ॲप फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. आयफोन-आयपॅडवाल्यांनी 'आयपेंग' बघावं. ते विकतचं आहे, पण या सर्व्हरसाठीच घडवलेलं आहे.

एमपीडी (म्युझिक प्लेअर डीमन) या दुसऱ्या सर्व्हरचं नाव घेतल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. २००३ पासूनचा हा छोटा, अतिशय भरवशाचा सर्व्हर. रांग त्याच्याचकडे असते, आणि अँड्रॉइडवरचं 'मॅल्प' हे त्याचं स्वच्छ, फुकट रिमोट आहे. एकच खोली, एकच प्लेअर असेल तर मी डोळे मिटून हेच सांगेन. वाजलेलं गाणं रांगेतून आपोआप काढून टाकायचा त्याचा 'कन्झ्यूम' प्रकार मला अजून आठवतो. आम्हाला मात्र हॉल आणि झोपायची खोली एकत्र वाजवायची होती, आणि ते जुळवून घेणं लिरियनमध्ये कितीतरी सोपं पडलं. रून ही विकतची संगीत प्रणाली सगळ्यात देखणी, संगीतकार-वादकांची माहिती गुंफण्यात तिला तोड नाही, पण तिची वर्गणी भरायची किंवा एकरकमी कायमचा परवाना घ्यायचा. माझ्या ऐकण्याला ते जास्तीचं वाटलं.

कुठलंही ॲप घ्या, 'सर्व्हर सापडला नाही' असं दिसलं तर लगेच काढून टाकू नका. फोन पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर त्याला घरातली यंत्रं बहुधा दिसतच नाहीत. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून 'स्थानिक नेटवर्क'ची परवानगी विचारली जाते. तिथे घाईत 'नको' दाबलं असेल तर ॲप आंधळंच राहतं. सर्व्हरचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) हाताने लिहू देणारं ॲप निवडा आणि राऊटरमध्ये तो पत्ता त्या यंत्रासाठी राखून ठेवा. जुना टॅब वापरणार असाल तर त्याचा ब्राउझर अजून अद्ययावत होतो का ते आधी बघा, कारण खूप जुन्या ब्राउझरवर मटेरियल नीट उघडत नाही. तशा टॅबवर सर्व्हरसोबत येणारं 'क्लासिक' रूप लावता येतं. ते रुक्ष आहे, पण चालतं.

शोधाचं एक काम ॲप करणार नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. माझ्या संग्रहात काही गायकांची नावं देवनागरीत होती, काहींची रोमनमध्ये, आणि त्यामुळे एकच गायिका यादीत दोन ठिकाणी बसली होती. टॅग (फाइलमध्ये साठवलेली गायक-अल्बमची नावं) एकाच लिपीत आणले आणि 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना भरला, तेव्हा ती एकत्र आली. अनेक गायकांचे मिळून केलेले अल्बमही त्याच रकान्यामुळे वीस तुकड्यांत फुटायचे थांबले. हे काम संगणकावर बसून करा, फोनवर नको. मग सर्व्हरला संग्रह पुन्हा तपासायला सांगा, म्हणजे मटेरियल आणि स्क्वीझर दोन्हीकडे एकदमच सुधारलेली यादी दिसेल.