पणजोबा सापडले! वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटचा माझा अनुभव

तुमच्या घरातलं कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेलं असेल आणि पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची, वेबसाईट एकदा बघाच. नाव शोधायला पैसे लागत नाहीत. मला तिथे माझे पणजोबा सापडले, एकशे दहा वर्षांनी. फक्त एक सांगते, थेट साईटवर जाऊ नका, आधी घरातली ट्रंक उघडा. मी उलटं केलं आणि दोन महिने फुकट गेले.

आम्हाला एवढंच माहीत होतं की पणजोबा इराकमधल्या बसऱ्याला लढाईत गेले आणि आले नाहीत. फोटो नाही, पत्र नाही. पणजीला त्यांची पेन्शन होती. माझी आत्या आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे, ती लहानपणी आजीचा हात धरून पेन्शन आणायला तालुक्याला मामलेदार कचेरीत जायची, आजी अंगठा लावायची, पैसे पदरात बांधायची आणि परत येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही म्हणे. तिथी माहीत नसल्यामुळे पणजोबांचं पान कायम सर्वपित्रीलाच वाढलं जायचं.

सुरुवातीला मी साईटवर आडनाव टाकलं, युद्ध पहिलं निवडलं, देश भारत निवडला. शेकड्यांनी नावं आली. आणि त्यातला कोणता आपला हे कसं ओळखणार? आमचं आडनाव साताऱ्यात प्रत्येक गावात आहे. मग एका सरकारी ऑफिसात गेले, तर तिथे एवढं जुनं काही नसतं म्हणून उभ्या उभ्याच परत पाठवलं, बसा सुद्धा म्हटलं नाही. त्या दिवशी खरंच खूप वाईट वाटलं.

शेवटी आत्यानेच सांगितलं की माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे ती बघ. त्यात पणजीच्या पेन्शनचा कागद निघाला, घड्यांवर फाटलेला, पण त्यावर पणजोबांचा नंबर आणि पलटण स्वच्छ वाचता येत होती, ११७ मराठा. सोबत फडक्यात बांधलेलं एक चांदीचं मेडल होतं. आम्ही लहान असताना त्याला नुसतं बिल्ला म्हणायचो आणि कुणी कधी त्याची कड बघितलीच नव्हती. पहिल्या युद्धाच्या त्या मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंग घेऊन वाचा. काही घरांमध्ये ब्राँझची मोठी गोल थाळीसारखी पाटी असते, साधारण बारा सेंटिमीटरची, सिंह आणि हातात त्रिशूळ घेतलेली बाई असलेली. ती शहीद झालेल्याच्या घरी पाठवायचे, पण तिच्यावर फक्त नाव असतं, नंबर नसतो. म्हणून मेडल आणि पेन्शनचा कागद जास्त कामाचे. आणि नंबर कधीही एकटा धरू नका, त्या काळी नंबर पलटणीपुरता असायचा, तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा निघेल.

आता साईटबद्दल. ॲडव्हान्स सर्चमध्ये नंबर आणि रेजिमेंट टाकायची सोय आहे. नावाच्या बाबतीत एक गोष्ट कळली की काम निम्मं होतं. आपल्या लोकांचं पूर्ण नाव बऱ्याचदा आडनावाच्याच रकान्यात एकत्र असतं आणि यादी पहिल्या नावाने लागते. खात्री करायची असेल तर यशवंत घाडगे शोधून बघा, मराठा लाईट इन्फंट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत शहीद झाले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला, त्यांचं नाव कॅसिनो मेमोरियलवर आहे. त्यावरून नोंद कशी लिहितात ते लक्षात येतं. स्पेलिंग तर कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. शिंदेचं सिंदे, पवारचं पोवार, जाधवचं जाधो, सगळे प्रकार टाकून बघायचे, कंटाळा करायचा नाही.

गाव शोधताना जिल्हा तेव्हाचा धरा हेही महत्त्वाचं. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्गची गावं रत्नागिरीत होती, सांगलीकडची बरीच गावं साताऱ्यात. माझ्या मैत्रिणीचे पणजोबा मालवणचे, ती सिंधुदुर्ग सिंधुदुर्ग शोधत बसली होती, रत्नागिरी टाकल्यावर दहा मिनिटांत सापडले.

मी नंबर टाकला आणि एकच नोंद आली. शिपाई, ११७ मराठा, २२ नोव्हेंबर १९१५, बसरा मेमोरियल. खाली वडलांचं नाव आणि आमचं गाव, एक अक्षर चुकलेलं पण आमचंच. ती तारीख टेसिफोनच्या लढाईची, बगदादच्या दक्षिणेला, सहावी पूना डिव्हिजन बगदादवर चालून गेली होती तेव्हाची. तिथून मागे फिरलेलं सैन्य मग कूत या गावी वेढ्यात अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं, म्हणजे पणजोबांनी ते हाल बघितले नाहीत. हे मी आत्याला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, परत वाच.

नोंदीबरोबर मूळ रजिस्टरच्या पानाचा स्कॅन असेल तर तो आवर्जून उघडा, आणि सर्टिफिकेटही डाऊनलोड करता येतं. पण कबर सापडेल अशी आशा धरू नका. आपल्या हिंदू जवानांचं दहन व्हायचं आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तर हजारोंचा देहसुद्धा मिळाला नाही. त्यामुळे जे असतं ते स्मारकावर असतं, आणि कोणत्या स्मारकावर हे माणूस कुठे गेला त्यावर ठरतं. इराकसाठी बसरा, तिथे चाळीस हजारांवर जणांचं स्मरण आहे. फ्रान्ससाठी नव्ह शापेल, वायव्य सरहद्दीवर गेलेल्यांसाठी बरीचशी आपल्या इंडिया गेटवर, दुसऱ्या युद्धात इटलीत गेलेल्यांसाठी कॅसिनो किंवा सांग्रो नदीकाठचं दहन स्मारक.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. बसऱ्याच्या भिंतीवर इंग्रज शिपायांची नावं कोरली, आपल्याकडच्या अधिकाऱ्यांची कोरली, आणि आपल्या साध्या शिपायांचा फक्त आकडा लिहिला. नावं रजिस्टरात राहिली. कमिशनच्याच समितीने २०२१ मध्ये अहवाल काढून हे कबूल केलं, की भारत आणि आफ्रिकेतल्या निदान ४५ ते ५४ हजार मृतांना बरोबरीने स्मरलं गेलं नाही आणि किमान १,१६,००० जणांची नावानिशी नोंदच झाली नाही, कदाचित कितीतरी जास्त. त्यांनी माफीही मागितली. म्हणून तुमचा माणूस साईटवर सापडला नाही तर तो गेलाच नाही असं समजू नका. कागद जपून ठेवा, पुरावा असेल तर त्यांना दुरुस्तीसाठी किंवा नव्या नावासाठी लिहिता येतं.

आणि हेही लक्षात ठेवा की ही साईट मुख्यतः सेवेत असताना गेलेल्यांची आहे, १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि १९३९ ते १९४७ मधली. जिवंत परत येऊन पेन्शन घेतलेले आजोबा इथे मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस हाच रस्ता. गावात चावडीवर किंवा देवळाजवळ या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत अशी दगडी पाटी असेल तर तिचा फोटो काढा, नावं नसली तरी आकडा जुळवायला उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष काही बघायचं असेल तर पुण्यात खडकीचं वॉर सिमेट्री आहे, याच कमिशनचं. दुसऱ्या युद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत, शिवाय पहिल्या युद्धातल्या अठराशेच्या वर लोकांचं स्मारक. मी आत्याला घेऊन गेले होते. गवत कापलेलं, प्रत्येक दगडावरचं अक्षर वाचता येतं, इतकी निगा आपण आपल्या गावच्या स्मारकाची घेतली तर किती बरं होईल असं सारखं वाटत होतं. आमचे पणजोबा तिथे नाहीत हे आत्याला माहीत होतं, तरी तिने येताना फुलं घेतली होती, ती एका अनोळखी पोराच्या दगडापाशी ठेवली, वय एकोणीस लिहिलं होतं.

साईटला माझ्याकडून पाचपैकी पाच. गुरुजींकडून त्या तारखेची तिथी काढून घेतली, कार्तिकातली निघाली, या वर्षीपासून पणजोबांचं श्राद्ध त्या दिवशी. गावाच्या नावातलं ते एक अक्षर दुरुस्त करायला पेन्शनच्या कागदाचा फोटो कालच पाठवलाय.