लॅमिनेशन मशीन: सराव पाठ घेणाऱ्यांसाठी

शिक्षक प्रशिक्षणात प्राथमिक वर्गावर इंटर्नशिप सुरू झाली की बॅचमधलं कुणी ना कुणी विचारतंच, "लॅमिनेशन मशीन घेऊ का गं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घे, पण त्याच्या नादी लागू नकोस.

माझं मशीन ए-फोर आकाराचं, घरगुती. बटण दाबलं की लाल दिवा लागतो, थोड्या मिनिटांनी हिरवा होतो. पाऊच म्हणजे पॉलिस्टरच्या दोन पातळ फिल्म आणि त्यांच्या आतल्या बाजूला उष्णतेने वितळणारा गोंद. कागद मधे ठेवायचा आणि जोडलेली कड पुढे करून सरकवायचा. उघडी बाजू आधी गेली तर पाऊच रोलरला गुंडाळून बसतो. म्हणून घेताना एकच बघा, अडकलेला पाऊच सोडवायचा खटका आहे ना. बाकी चकचकीत बटणांना भुलू नका.

डोकं लावायचं ते पाऊच निवडताना. पाकिटावरचा मायक्रॉनचा, म्हणजे जाडीचा, आकडा सहसा एका फिल्मचा असतो, म्हणजे ८०च्या पाऊचमध्ये दोन्ही मिळून १६० मायक्रॉन प्लास्टिक. कुठे 'मिल' (इंचाचा हजारावा भाग) लिहिलेलं असतं. ३ मिल म्हणजे साधारण ७५ मायक्रॉन आणि ५ मिल म्हणजे सव्वाशेच्या आसपास. भिंतीवरच्या तक्त्याला ८० पुरे. मुलांच्या हातात जाणाऱ्या कार्डांना मात्र १२५च हवा. पहिलीतलं मूल कार्ड मिळाल्यावर आधी वाचत नाही, वाकवून सोडतं. टक्! शेजारचा ऐकतो, तोही वाकवतो, आणि बघता बघता अख्खी रांग टकटकायला लागते. १२५ने आवाज कमी होत नाही (उलट वाढतोच), पण कार्ड तरी मोडत नाही.

कापताना कागदाच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक सोडा. अगदी कडेला कापलंत तर थर सुटतात आणि सुटलेली कड नखाने सोलणं हे वजाबाकीपेक्षा कितीतरी रंजक काम आहे. कोपरे गोल करा, टोचतात. इंकजेटची प्रिंट पूर्ण वाळू द्या. मुलांनी मेणखडूने रंगवलेली चित्रं घालू नका, मेण वितळून पसरतं. दुकान-दुकान खेळायला जमवलेल्या खऱ्या पावत्याही नकोत. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो. त्यांची झेरॉक्स काढून तीच लॅमिनेट करा.

या मशीनचे पैसे वसूल होतात ते एका साध्या गोष्टीत: कोऱ्या कार्डांत. शतक, दशक, एकक असे तीन रकाने छापून लॅमिनेट केले, प्रत्येकाला एक कार्ड आणि एक व्हाइटबोर्ड मार्कर. संख्या सांगायची, लिहायची, कार्ड डोक्यावर धरायचं. फळ्याजवळ उभं राहून एका नजरेत कळतं की सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर कुणी केलेत. वही तपासून हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं. पुसायला जुने मोजे दिलेत, तरी निम्मी मुलं थुंकी आणि अंगठा हीच पद्धत वापरतात. कुणी चुकून पर्मनंट मार्कर चालवला तर त्यावरच व्हाइटबोर्ड मार्कर गिरवा आणि लगेच पुसा, बहुतेक वेळा निघतो.

चकचकीत पाऊचचा तोटा मात्र मोठा आहे. खिडकीतून ऊन आलं की तक्त्यावर पांढरा पट्टा उमटतो. आमच्या मार्गदर्शक बाई शेवटच्या बाकावर बसतात, त्यामुळे निरीक्षण वहीत पहिली ओळ तीच आली: "मागच्या मुलांना तक्ता दिसत नाही." मॅट पाऊचने चमक जाते, पण त्यावर मार्कर नीट पुसला जात नाही. तेव्हा भिंतीला मॅट आणि हाताला चकचकीत, असे दोन्ही प्रकार ठेवावे लागतात.

आता नादी लागण्याबद्दल. हे मशीन घरात आलं की सगळं शैक्षणिक साहित्य सपाट व्हायला लागतं. पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, 'साहित्य' या रकान्यासमोर लॅमिनेटेड कार्ड लिहिलं की आपलं काम झालं असं वाटतं. पानांच्या पाठाला माझ्या मैत्रिणीने सुंदर फोटो छापून, लॅमिनेट करून नेले. एका मुलीने पिंपळाचं कार्ड उलटवलं, मागचा कोरा कागद बघितला आणि विचारलं, "टीचर, पानाची मागची बाजू कुठंय?" शिरा मागून उठून दिसतात हे त्या मुलीला माहीत होतं. शाळेच्या आवारात झाड असताना फोटो कशाला? मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनरने मांडलेल्या कृतिरूप, प्रतिमारूप, प्रतीकरूप (आधी हाताने करून, मग चित्रातून, मग चिन्हांतून) या पायऱ्या आपण परीक्षेत घडाघडा लिहितो आणि वर्गात थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारतो. मणी, काड्या, खडे मोजून झाल्यावर त्यांचं चित्र यावं, त्यांच्याऐवजी नव्हे.

शिवाय कागद आणि प्लास्टिक एकदा चिकटले की ते ना कागदाच्या रद्दीत चालतात, ना प्लास्टिकच्या. म्हणून मी आता एकाच पाठापुरती कार्डं लॅमिनेट करतच नाही. साध्या जाड कागदावर लिहून नेते. रकान्यांची कार्डं, आकड्यांची पट्टी, गटांची नावं, घड्याळाची कोरी तबकडी, एवढंच मशीनमधून जातं.

शाळेच्या ऑफिसात मशीन असेल तर आधी तिथे विचारा. नसेल तर दोघी-तिघींत मिळून एक घ्या आणि ते कुणाकडे राहणार हे आधीच ठरवा. अंतिम पाठाच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकदमच लागतं.