शेळी-चाऱ्याच्या झाडांचं मिश्र बियाणं: कोकणात घ्यावं का?

सुबाभूळ, शेवरी, हादगा, शेवगा आणि दशरथ घास अशा पाच पुड्यांचं पाकीट आगोटीला दुकानात दिसतं. घाटावरच्या जमिनीला ते ठीक. कोकणातल्या जांभ्यावर (लाल, आम्लधर्मी दगडी जमिनीवर) मात्र पाचातल्या दोनच पुड्या पैसे वसूल करतात, शेवरी आणि हादगा.

शेवरी पाणी साचलं तरी तग धरते, त्यामुळे भातखाचराच्या मेरेवर बिनघोर लावावी. कमरेइतकी ठेवून छाटली की पुन्हा फुटते. हादगा तसा छाटला तर मरतो. त्याच्या फक्त बाजूच्या फांद्या काढायच्या. पाकिटावर दोघांना एकच सूचना छापली आहे, ती चुकीची.

सुबाभळीबद्दल ‘रात्रभर भिजवा’ एवढंच लिहिलंय. तिच्या कडक बियांना ते पुरत नाही. उकळलेलं पाणी खाली उतरवून जरा निवू द्यावं (साधारण ८० अंश), बी तीनेक मिनिटं त्यात ठेवावं, मग रात्रभर गार पाण्यात. फुगलेलंच पेरावं. तरीही आम्लधर्मी मातीत रोप पिवळं, खुजं राहतं. खड्ड्यात चुना किंवा चुलीतली राख हवीच. शिवाय हा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर गेला तर त्यातल्या मायमोसिन या विषारी घटकामुळे शेळ्यांचे केस गळतात. पाकिटावर याचा उल्लेखही नाही! शेवगा पाणथळीत मुळाशी कुजतो, त्याला उतारच हवा. दशरथाला जांभा मानवत नाही.

पाकिटात खरी उणीव गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची). आम्ल जमिनीत ते झकास वाढतं आणि लावायला बियाण्याची गरजच नाही. मनगटाएवढ्या जाडीचे, दीड मीटरचे दांडे मृगाआधी वीतभर खोल रोवले की कुंपणही होतं. वासामुळे शेळ्या आधी तोंड लावत नाहीत; पाला रात्रभर सुकवून फणसाच्या पाल्यात थोडा थोडा मिसळावा आणि जुडी टांगून द्यावी, जमिनीवर पडलेला त्या तुडवतात. पाऊस सरताना एक छाटणी केली तर झाड उन्हाळ्यात पानं लवकर टाकत नाही.

म्हणजे शेवरी-हादग्याचं बी सुटं मिळालं तर तेच घ्यावं, गिरिपुष्पाचे दांडे शेजाऱ्याच्या कुंपणावरून मागून आणावेत. आणि भातकापणीनंतर गुरं मोकाट सुटतात, त्याआधी गडगा किंवा काट्यांची वई (कुंपण) घालून घ्यावी. कोवळी शेवरी त्यांनाही आवडते.