मालदीव की बंगाराम?
मालदीवमध्ये साधारण एक बेट म्हणजे एकच रिसॉर्ट. पाण्यावरच्या खोलीच्या पायऱ्या उतरलं की थेट उथळ निळा समुद्र. पण नळाचं गोडं पाणी येतं समुद्राचा खारटपणा काढून, बहुतेक ठिकाणी डिझेल जाळून. माणशी रोज १२ डॉलर ग्रीन टॅक्स वेगळा. कचऱ्याचं थिलाफुशी बेट ब्रोशरमध्ये अर्थातच नसतं!

लक्षद्वीपच्या बंगारामला आधी परमिट, मग अगत्तीपर्यंत विमान, पुढे बोट. थाटमाट कमी. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर, त्यामुळे जास्त गर्दी बेटाला परवडणारच नाही. मला तरी हीच खरी चैन वाटते. मधुचंद्राचे फोटो हवे असतील तर मात्र मालदीवच.

समुद्र तापल्याने प्रवाळ दोन्हीकडे १९९८ आणि २०१६ मध्ये पांढरे पडले. पोहताना त्यांवर पाय टेकू नका. सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा स्विमसूट घाला.